थेट निसर्गावरून

कार्ल ब्लॉसफेल्ट यांचं ‘उर्फोर्मेन डेर कुन्स्ट’ हे पुस्तक १९२८ मध्ये बर्लिनहून निघालं. त्यात वनस्पतींची १२० छायाचित्रं आहेत. नेच्याची गुंडाळलेली कोवळी पानं, काटेरी झुडपांची कातरलेली पानं, भोपळ्याचे तणावे, सगळं कितीतरी पटींनी मोठं करून दाखवलेलं. शीर्षकाचं मराठी ‘कलेची मूळ रूपं’ असं करता येईल. पुढच्याच वर्षी लंडनहून इंग्रजी आवृत्ती आली, तिचं नाव मात्र ‘निसर्गातली कलारूपं’ असं झालं. जर्मन शीर्षकात निसर्ग आधी आणि कला त्यातून उगवलेली. इंग्रजीत आपण कलेची नजर घेऊनच निसर्गात शिरतो. आणखी एक फरक उपशीर्षकात आहे. जर्मनमध्ये ‘वनस्पतींची छायाचित्रं’ एवढंच म्हटलं आहे. इंग्रजीत ती ‘थेट निसर्गावरून’ घेतल्याची ग्वाही आहे. भाषांतरात पडलेल्या या भरीपाशी मी अडते, कारण आमच्या धंद्यात ‘थेट’ हा शब्द फार जपून वापरावा लागतो.

ब्लॉसफेल्ट (१८६५–१९३२) मुळात छायाचित्रकार नव्हते. हार्त्स पर्वताच्या भागात जन्म, उमेदवारी लोखंडाच्या ओतशाळेत. १८९० नंतरची काही वर्षं त्यांनी मोरित्स मॉयरर या कलाशिक्षकाबरोबर इटलीत काढली. तिथे वनस्पती गोळा करायच्या आणि त्यांवरून नक्षीकामासाठी नमुने तयार करायचे, हे काम होतं. ग्रीक खांबांच्या माथ्यावरची अकॅन्थसची दगडी पानं सगळे विद्यार्थी गिरवत असत. मॉयरर यांचा आग्रह होता की दगडावरून नको, झाडावरून शिका. पुढे बर्लिनच्या कलाशाळेत ब्लॉसफेल्ट यांनी सुमारे तीस वर्षं जिवंत वनस्पतींवरून आकार घडवायला शिकवलं. पण पान वर्गात आणेपर्यंत सुकतं, आणि त्याच्या कडेचं वळण मागच्या बाकावरून दिसत नाही. छायाचित्रं काढली ती यासाठी. भिंतीवरचे तक्ते होते ते. गॅलरीचे मालक कार्ल निरेनडॉर्फ यांनी त्यांना प्रदर्शनात आणि मग पुस्तकात आणलं, तेव्हा ब्लॉसफेल्ट साठीत होते.

कृती साधी होती. लाकडी कॅमेरा, काचेच्या प्लेटा, मागे पांढरा किंवा करडा पुठ्ठा, आणि खिडकीतून येणारा मऊ उजेड. दिव्याची तीव्र सावली पानाच्या शिरा गिळून टाकते. दिवसाचा पसरट उजेड बाजूने आला की शीर, लव, कातरा, सगळं हलक्या करड्या छटांनी उठून येतं. कॅमेरा पानाच्या जितका जवळ, तितका स्पष्ट दिसणारा थर पातळ होत जातो. म्हणून भिंगाचं छिद्र लहान करायचं. मग उजेड कमी पडतो, म्हणून प्लेट बराच वेळ उघडी ठेवायची. एवढ्या वेळात वाऱ्याची झुळूकही चालत नाही. सारांश, पान झाडावर ठेवून हे चित्र निघणं कठीण. ते तोडून घरात आणावं लागतं.

आणल्यावर त्यावर हात चाले. नको ती पानं छाटायची, फांदी पुठ्ठ्यावर टाचायची, बाजू सारख्या दिसतील असं वळवायचं. नंतर प्लेटेवर रिटचिंग, आणि छापताना कडा कापून घेणं. आज आपण मोबाइलवर मागची गर्दी पुसतो, फोटो क्रॉप करतो, उजेडाची पट्टी सरकवतो. तीच कामं इथे कात्री, पुठ्ठा आणि कुंचल्याने झालेली आहेत. पुस्तकात प्रत्येक चित्राला वनस्पतीचं नाव आणि किती पट मोठं केलं तो आकडा दिला आहे. काय छाटलं, ते कुठेच नाही.

खऱ्या अर्थाने ‘थेट’ पान हवं असेल तर त्याआधी सुमारे पंचाऐंशी वर्षं मागे जावं लागतं. इंग्लंडमध्ये अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी १८४३ पासून समुद्री शेवाळाची चित्रं काढली, ती कॅमेऱ्याशिवाय. रसायन लावलेल्या कागदावर शेवाळ ठेवून उन्हात धरायचं आणि मग पाण्याने धुवायचं. झाकलेला भाग पांढरा, बाकी गडद निळं. आकार जसाच्या तसा, एकास एक. पण उजेड न जाणाऱ्या जाड पानाची या रीतीने मिळते ती मुख्यतः बाह्यरेषा. त्याचा उंचसखलपणा, वळण, पाठपोट हरवतं. शब्दाला शब्द ठेवणाऱ्या भाषांतराची मला इथे आठवण होते. त्यात खोट काढता येत नाही, पण आवाजही ऐकू येत नाही.

म्हणून ब्लॉसफेल्ट यांनी पानं छाटली याबद्दल माझी तक्रार नाही. विद्यार्थ्याला वळण दिसावं हा त्यांचा हेतू होता आणि त्यासाठी छाटणी लागतेच. मला खटकतो तो वरून चिकटवलेला ‘थेट’. त्याने करणाऱ्याचे हात पुसले जातात. वाचकाला वाटतं, निसर्गच इतका नेटका, इतका सममित आहे. वाल्टर बेन्यामिन यांनी १९२८ मध्येच या पुस्तकावर लिहिलं आणि वाढवलेल्या चित्रांतून आजवर न दिसलेलं जग खुलं होतं, असं त्याचं स्वागत केलं. पाच वर्षांपूर्वी याच बेन्यामिननी बोदलेरच्या आपल्या अनुवादाला भाषांतरकाराच्या कामावरची प्रस्तावना जोडली होती. दोन्ही लेख माझ्या टेबलावर शेजारी असतात. भिंगातून नवं काही दिसतं हे त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. त्यात मी एवढंच जोडेन की भिंगाआधी कात्री चाललेली असते.

मराठीत हे पुस्तक कधी आलं तर शीर्षकात ‘मूळ’ हा शब्द ठेवावा. झाडाचं मूळ आणि भाषांतराची मूळ संहिता, दोन्ही त्यात येतात. उपशीर्षकातला ‘थेट’ गाळावा. आणि प्रत्येक चित्राखाली, किती पट मोठं केलं त्या आकड्याशेजारी, जिथे माहीत आहे तिथे काय कापलं त्याचीही एक ओळ असावी.