डोप, मास्क आणि कारखान्याचे फाटक

कामगारांच्या आरोग्याचे नियम राजपत्रात येण्यापूर्वी बहुधा कोणाच्या तरी शरीराने त्यांची किंमत मोजलेली असते. विमानांच्या रंगकामाचा इतिहास याची साक्ष देतो.

पहिल्या महायुद्धकाळी विमानाच्या लाकडी सांगाड्यावर कापड चढवीत आणि ते ताणून बसावे म्हणून त्यावर ‘डोप’ नावाचे सेल्युलोजयुक्त लेपन देत. त्यातील टेट्राक्लोरोइथेन या द्रावकाच्या वाफेने ब्रिटनमधील कामगारांना विषारी कावीळ झाली, काही दगावले. १९१६ पासून तेथे अशा रुग्णांची माहिती शासनास कळविणे सक्तीचे झाले. पुढे तो द्रावकच डोपमधून काढून टाकण्यात आला.

बंगळुरूत वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने व म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने १९४० साली हिंदुस्थान एअरक्राफ्टची स्थापना झाली. डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी तेथे आरेखिलेले ‘पुष्पक’ हे दोन आसनी विमान १९५८ मध्ये उडाले. त्याच्या पंखांवरही कापडच होते. तोवर १९४८ चा कारखाने अधिनियम आला होता. त्याच्या कलम १४ ने धूळ व धूर यांच्या निवारणाची, तर कलम ८९ ने व्यवसायजन्य रोग कळविण्याची जबाबदारी ठरविली. कळवावयाच्या रोगांच्या यादीत विषारी कावीळही होती.

पुढे पॉलियुरेथेन रंग आले. त्यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. १९८४ साली भोपाळमध्ये गळती झालेला वायू याच कुळातला, जरी रंगातील संयुगे त्याहून भिन्न असली तरी. फवाऱ्याच्या तुषारांतून ती फुप्फुसात गेल्यास दमा जडू शकतो. एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे अल्प मात्राही पुरते. नाकाला बांधलेला रुमाल येथे निरुपयोगी. कोळशाच्या कार्ट्रिजची क्षमता संपल्याचे वासावरून खात्रीने कळत नाही. म्हणून नळीवाटे बाहेरची शुद्ध हवा पुरविणारा मास्क अधिक सुरक्षित. मात्र हवा ओढणारा पंप रंगाच्या खोलीबाहेर, स्वच्छ जागी हवा.

कारखान्यात हे पाहण्यास निरीक्षक असतो. परंतु घरच्या शेडमध्ये हौसेने विमान बांधणाऱ्यापर्यंत तो पोहोचत नाही. विमान वाहतूक महासंचालनालय विमानाची उड्डाणयोग्यता तपासते, रंगविणाऱ्याचे श्वसन नव्हे. प्रत्येक शेडमध्ये निरीक्षक पाठविणे कोणत्याही शासनास शक्य नाही. पण रंगाच्या डब्यावर मराठीत, कन्नडमध्ये ठळक इशारा छापून घेणे निश्चितच शक्य आहे. कायद्याची हद्द फाटकाशी संपते, विषाची संपत नाही.