साडेतेरा हजार किलोमीटर आणि एक रात्र

परवा भाचीच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून सॅन फ्रान्सिस्को ते मुंबई अंतर मोजलं. दोरा थेट आर्क्टिकवरून गेला. सुमारे १३,५०० किलोमीटर!

या वाटेशी अमळनेरचं जुनं नातं. मोहम्मद हाशम प्रेमजींनी १९४५ साली आमच्या गावात वनस्पती तुपाची कंपनी काढली. तीच पुढे विप्रो झाली. ऑगस्ट १९६६ मध्ये ते गेले, तेव्हा २१ वर्षांचे अझीम प्रेमजी सॅन फ्रान्सिस्कोजवळ स्टॅनफर्डला शिकत होते. शिक्षण अर्धवट टाकून परतले. तेव्हाच्या बोइंग ७०७ला हे अंतर एका दमात झेपत नव्हतं, आणि जवळची वाट सोव्हिएत आकाशातून जाणारी. म्हणजे थांबत थांबत, लांबून यायचं.

डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईला थेट विमान सुरू झालं, तेव्हा ही वाट सुमारे १७ तासांवर आली. पुढे अमळनेरपर्यंत मात्र रात्रभराची गाडी ती आहेच.

त्याआधीच आमचे आप्पा गेले. धाकटा तिकडेच होता. फोनवर एवढंच म्हणाला, "थांबता येईल का?" आम्ही तासांची बेरीज केली. नाही थांबलो. तो पोचला राख सावडायला.

बेरीज चुकली नव्हती रे. तू हे वाचतोस, म्हणून लिहिलं.