बंद दार

माझ्या मावशीला मूलबाळ नव्हते. गावाने तिला वांझ ठरविले. तिच्या यजमानांची तपासणी करावी, असे कोणाच्या मनातही आले नाही.

१९२९ साली अमेरिकेत रॉचेस्टर येथे कॉर्नर आणि ॲलन यांनी सशांवर प्रयोग करून गर्भ टिकवून धरणारा, बीजकोशातला रस हुडकला. त्यालाच पुढे प्रोजेस्टेरॉन म्हणू लागले. हा रस सावकाशीने काम करतो, अशी समजूत. शुक्रबीजावर मात्र त्याचा परिणाम क्षणार्धात होई. हे कोडे सुटेना.

२००१ साली क्लॅफम यांच्या प्रयोगशाळेला शुक्रबीजाच्या शेपटीत कॅल्शियम आत घेणारे एक सूक्ष्म दार सापडले. त्याचे नाव कॅटस्पर. हे दार नसलेले उंदीर दिसायला धडधाकट, पण निपुत्रिक! मग २०११ मध्ये युक्रेनहून आलेल्या पोलिना लिश्को व त्यांचे सहकारी किरिचोक यांनी सॅन फ्रान्सिस्कोत एकेका शुक्रबीजाला अतिसूक्ष्म काचनळी लावून दाखविले, की प्रोजेस्टेरॉन हेच दार उघडते. स्त्रीबीजाभोवतीच्या पेशी तो रस सोडतात आणि शेपटी जोराने फटकारू लागते. (जर्मनीतल्या एका गटानेही त्याच वेळी हेच सांगितले.) या दाराची कडी कोणती, तेही लिश्कोबाईंनी २०१६ साली शोधले.

मावशीने नवससायास केले, उपास केले, सवतही सोसली. सवतीलाही मूल झाले नाही. यजमान शेवटपर्यंत धडधाकट होते.