घरगुती गरम पाण्याची व्यवस्था

स्नान व धुणीभांडी यांसाठी लागणारे पाणी तापवणे, साठवणे आणि नळापर्यंत पोहोचवणे यांकरिता केलेली योजना म्हणजे घरगुती गरम पाण्याची व्यवस्था होय. अतिथंड प्रदेशांत ती खोल्या उबदार ठेवण्याच्या यंत्रणेशी जोडलेली असते. कोकण किनारपट्टीवर हिवाळा सौम्य असल्याने तशी गरज नसते. नवी मुंबईतील जुईनगरसारख्या उपनगरात ही आखणी मुख्यतः स्नानाच्या पाण्यापुरती असते.

पूर्वपीठिका

महाराष्ट्रात पूर्वी तांब्याचा बंब किंवा चुलीवरचा हंडा वापरात होता. बंबाच्या मधल्या नळीत सरपण वा कोळसा जाळून भोवतालचे पाणी तापवत. कढत पाणी घंगाळात घेऊन त्यात विसण घालत. सिडकोने (स्थापना १९७०) वसवलेल्या नवी मुंबईच्या सदनिकांत सरपण आणि धूर यांना जागा नसल्याने तेथे विजेचे व गॅसचे गिझर रूढ झाले.

गरजेचा हिशेब

बादलीने स्नान करणाऱ्या व्यक्तीस सुमारे २० लिटर कोमट पाणी लागते असे धरल्यास चौघांना ८० लिटर लागते. एवढे पाणी २५ अंश सेल्सिअसवरून ४० अंशांवर नेण्यास सुमारे १.४ युनिट वीज खर्च होते. गिझरमधील १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापवून त्यात विसण घातल्यास ४० अंशांचे सुमारे ३५ लिटर पाणी मिळते. त्यास २ किलोवॅटच्या गिझरला सुमारे १८ मिनिटे लागतात. २५ लिटरच्या गिझरमधून याच रीतीने सुमारे ५८ लिटर पाणी मिळते. त्यामुळे चौघे लागोपाठ स्नान करणार असल्यास तो अधिक सोयीचा ठरतो. ३ किलोवॅटचा तात्काळ गिझर मिनिटाला २ लिटर पाण्याचे तापमान सुमारे २१ अंशांनी वाढवतो. नळाची धार वाढवल्यास ही वाढ त्याच प्रमाणात घटते.

सौर जलतापक

दिवसाला १०० लिटर पाण्यासाठी सुमारे २ चौरस मीटरचा सपाट संग्राहक लागतो. तो दक्षिणाभिमुख व तिरका बसवतात. गरम पाणी हलके होऊन वर चढते, म्हणून पंपाविना चालणाऱ्या संचात टाकी संग्राहकापेक्षा उंच ठेवतात. पावसाळ्यात ढगाळ हवेमुळे विजेची जोड आवश्यक ठरते. सहकारी गृहनिर्माण संस्थेत गच्ची सामाईक असल्याने संस्थेची संमती घ्यावी लागते. भरलेल्या टाकीचे वजन, गच्चीचे जलरोधन आणि खालच्या मजल्यांपर्यंतच्या नळांचे उष्णतारोधन यांचाही आधी विचार करावा लागतो. अन्यथा लांबच्या नळातील थंड पाणी रोज वाया जाते.

सुरक्षितता

गॅस गिझर बंद न्हाणीघरात लावणे प्राणघातक ठरू शकते. ज्वलनाने प्राणवायू घटतो व अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग वा वास नसल्याने धोका ध्यानात येण्यापूर्वीच माणूस बेशुद्ध होतो. म्हणून हे उपकरण न्हाणीघराबाहेर, खेळत्या हवेच्या जागी लावतात आणि जळालेला वायू नळीने घराबाहेर सोडतात. स्नान करताना चक्कर वा डोकेदुखी जाणवल्यास तत्काळ मोकळ्या हवेत जाणे आवश्यक असते.

विजेच्या गिझरसाठी १६ अँपिअरची जोडणी, भूसंपर्कन आणि गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच आवश्यक असतो. साठवण गिझरची दाबमुक्ती झडप क्षारांनी चोंदल्यास टाकी फुटण्याचा धोका असतो. म्हणून तिची नियमित तपासणी करतात.