मागें राहिलेले चौघे



घर फिरलें म्हणजे घराचे वांसेहि फिरतात, असें आपल्याकडे म्हणतात. खेळाच्या संघासहि ही म्हण लागू पडते. वैभवाच्या दिवसांत संघाभोवतीं गर्दी असते. परंतु पडत्या काळीं कोण राहतो आणि कोण जातो, यावरच पुढची उभारणी अवलंबून असते. अमेरिकेंतील केंटकी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

बास्केटबॉल हा खेळ १८९१ सालीं जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें स्प्रिंगफील्ड येथें निर्माण केला. केंटकीनें १९७८ पर्यंत त्यांत पांच वेळां राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें होतें. अशा या नामांकित संघास १९८९ सालीं ग्रहण लागलें. खेळाडूंच्या भरतींत नियमभंग झाल्याचें चौकशींत ठरलें व शिक्षाहि कडक झाली : दोन वर्षें हंगामाअखेरच्या राष्ट्रीय स्पर्धेस बंदी, एक वर्ष दूरचित्रवाणीवर प्रत्यक्ष सामने दाखविण्यास बंदी आणि शिष्यवृत्तींत कपात. त्या हंगामांत संघानें १३ सामने जिंकले व १९ गमावले होते. मुख्य प्रशिक्षक एडी सटन यांनीं राजीनामा दिला. ख्रिस मिल्स यास केंटकीकडून खेळण्यास मनाई झाली व तो ॲरिझोनास गेला. उंचापुरा लरॉन एलिस सिराक्यूजला गेला.

जाणाऱ्यांस दोष देतां येत नाहीं. विद्यार्थ्याचीं खेळण्याचीं वर्षें मोजून चार; त्यांतलीं दोन शिक्षेंत कां घालवावींत? मात्र त्या काळीं विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूस एक वर्ष सामन्यांत उतरतां येत नसे. जाण्याची वाट मोकळी होती, पण तिला किंमत होती.

तरीहि चौघे राहिले. जॉन पेल्फ्री, डेरॉन फेल्डहाउस व रिची फार्मर हे केंटकीच्याच लहान गांवांतले. शॉन वुड्स शेजारच्या इंडियाना राज्यांतला. नवे प्रशिक्षक रिक पिटिनो यांनीं उंचीची उणीव वेगानें भरून काढली. प्रतिपक्षास मैदानभर घेरावयाचें आणि दुरून तीन गुणांचे चेंडू टाकावयाचे, ही त्यांची रीत. तिच्यासाठीं खेळाडूंकडून कसून मेहनत करवून घेतली गेली. पहिल्या वर्षीं १४ जय व १४ पराजय झाले. पण शाकील ओनील ज्या संघांत होता, त्या लुइझियाना राज्य विद्यापीठास त्यांनीं १००–९५ असें हरविलें. दुसऱ्या वर्षीं २२ विजय मिळाले. त्या वर्षीं न्यूयॉर्कचा जमाल मॅशबर्न येऊन मिळाला. चौघांनीं दिवा तेवत ठेवला होता, म्हणूनच नव्यास त्या घरांत यावेंसें वाटलें.

२८ मार्च १९९२ रोजीं फिलाडेल्फिया येथें ड्यूकशीं गांठ पडली. अधिक वेळांत २.१ सेकंद उरले असतांना वुड्सच्या फेकीनें केंटकी १०३–१०२ असें पुढें गेलें. तेवढ्यांत ग्रँट हिलनें लांबून दिलेला चेंडू ख्रिश्चन लेटनरनें झेलला, फिरून टाकला आणि ड्यूक १०४–१०३ असें जिंकलें. चौघांची कारकीर्द पराभवांत संपली. तरी त्याच वर्षीं विद्यापीठानें त्यांचे सदरे रप अरीनाच्या आढ्यास टांगले. त्यांच्याहून अधिक गुण मिळविणारे पुष्कळ झाले होते. हा मान मुख्यतः मागें राहण्याचा होता. पुढें १९९६ सालीं केंटकी पुन्हां अजिंक्य झालें.

तेथील नियम नंतर पार बदलले. २०१८ सालीं बदली इच्छिणाऱ्यांसाठीं सामाईक नोंदवही आली. २०२१ पासून एका बदलीनंतर वर्षभर थांबण्याची अट उरली नाहीं. २०२४ सालीं बदल्यांच्या संख्येचेंहि बंधन सुटलें. २०२१ पासून खेळाडूस स्वतःच्या नांवावर द्रव्यहि मिळवितां येऊं लागलें. एका उन्हाळ्यांत अवघा संघ पालटूं शकतो, ही कांहींची तक्रार. ती पोकळ नाहीं. परंतु जुना नियम न्याय्य होता काय? प्रशिक्षकास असें कोणतेंच बंधन नव्हतें. स्वतः पिटिनो १९९७ सालीं बॉस्टनच्या व्यावसायिक संघाकडे गेले, त्यांस वर्षभर बसावें लागलें नाहीं.

नियमाच्या दाव्यानें बांधून ठेवलेला मनुष्य जागेवर राहतो, एवढेंच. त्याचें मन तेथें असेलच असें नाहीं. ज्या संघास पुन्हां उभें राहावयाचें आहे, त्यानें खेळाडूच्या जाण्यास कुलूप घालण्यापेक्षां त्याच्या राहण्यास कारण द्यावें. केंटकीच्या चौघांस तें मिळालें होतें : आपल्या मातीचा जिव्हाळा, अंगावर पडलेली जबाबदारी आणि एकत्र सोसलेले कष्ट. त्यांच्यापुरती तरी आपली म्हण खोटी ठरली. घर फिरलें; वांसे फिरले नाहींत.