बॉब यंगच्या समोर उभे राहा

हेल्मेटचा पट्टा घट्ट करा. १९७५चा सप्टेंबर आहे, शहर सेंट लुईस, आणि तुम्ही बुश स्टेडियममधल्या हिरव्या प्लॅस्टिकवर उभे आहात. याला गवत म्हणू नका. ऊन वरून लागतं आणि खालूनही. बुटांचे तळवे तापलेत. नाकात गरम प्लॅस्टिकचा वास, घामाचा, सांध्यांना चोळलेल्या मलमाचा, आणि वारा आलाच तर प्रेक्षकांतून येणारा बिअरचा. बिअर बनवणाऱ्यांचंच शहर हे, स्टेडियमचं नावसुद्धा बिअरवाल्या घराण्याचं.

खेळ अमेरिकन फुटबॉलचा, आणि तुमचं काम एवढंच: इथल्या कार्डिनल्स संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, जिम हार्ट चेंडू फेकायच्या आत त्याला आडवा करायचा. याला सॅक म्हणतात. हार्ट तुमच्यापासून जेमतेम चार-पाच पावलांवर असेल. मध्ये त्याला वाचवणारी पाच माणसं आहेत. त्यातला बॉब यंग तुमच्या वाट्याला आलाय. टेक्सासचा गडी, सव्वाशे किलोच्या आसपास, वय तेहतीस. बरं आहे तुमचं, पलीकडच्या बाजूला कॉनराड डोब्लर आहे आणि तो चावतो अशी त्याची ख्याती आहे.

वाका. एक हात जमिनीला टेकवा. यंगचा चेहरा इतका जवळ आहे की त्याच्या हनुवटीवरून घाम गळताना दिसतो.

चेंडू हलला, उठा! तळहाताने त्याच्या हेल्मेटवर, कानाच्या जागी, सणसणीत ठेवून द्या. अजून ते नियमात बसतं. यंगला मात्र तुम्हाला धरता येत नाही, हात लांबवायचीही मुभा नाही. मुठी छातीशी ठेवूनच त्याने तुम्हाला अडवायचं. तो खालून येतो. खांदा तुमच्या बरगड्यांत, कोपर गळ्याखाली, आणि तुमची टाच मागे घसरायला लागते. तुम्ही डावीकडे वळता, तो डावीकडे. उजवीकडे, तो आहेच. अख्खं स्टेडियम ओरडतं तेव्हा कळतं की चेंडू केव्हाच डोक्यावरून गेला. तो आरडाओरडा चेंडू झेलणाऱ्यासाठी आहे. यंगकडे कुणी पाहिलेलंसुद्धा नाही.

मला या माणसाचं मोठं कौतुक वाटतं ते इथे. काहीच घडू न देणं हेच ज्याचं काम, त्याला टाळी कोण देणार? त्या हंगामातल्या १४ सामन्यांत मिळून कार्डिनल्सच्या क्वार्टरबॅकवर फक्त ८ सॅक झाले. त्या पाच जणांची सगळी मेहनत, सुजलेली बोटं, दुखरी कंबर, त्या एका आकड्यात आहे.

आता उन्हातच राहू, पण यंगबरोबर कॅलिफोर्नियात जाऊ. १९७७, युनिव्हर्सल स्टुडिओ. जगातला सर्वांत ताकदवान माणूस ठरवायची ही पहिलीच स्पर्धा, चारी बाजूंनी कॅमेरे. शेजारी शरीरसौष्ठवातला लू फेरिग्नो आहे, पैलवान केन पटेरा आहे, वेटलिफ्टर ब्रूस विल्हेल्म आहे. पाठ पुढे करा, तुमच्यावर फ्रिज बांधतायत. हो, फ्रिजच. पट्टे खांद्यांत रुततात, पत्रा मानेला चटका देतो, आणि हे घेऊन पळायचंय. आणखी एक स्पर्धक, फ्रँको कोलंबू, असाच पळताना पडतो, पाय भलत्याच दिशेला वाकतो, आणि मघाशी आरोळ्या ठोकणारी माणसं डोळ्यांवर हात घेतात.

शिवाय पोलादी कांब वाकवणं, गाडी उचलणं, टायर फेकणं. यंगकडे बघा. इथे कॅमेरा त्याच्यावरच आहे, चेंडूच्या मागे पळत नाहीये. दंडावरची शीर फुगताना लोकांना पहिल्यांदा दिसतेय. विल्हेल्म जिंकतो, यंग दुसरा येतो. पटेरा आणि फेरिग्नो त्याच्या मागे.

त्यानंतर तो निवृत्त झाला असेल असं वाटलं तुम्हाला? छत्तिसाव्या आणि सदतिसाव्या वर्षी तो प्रो बोलसाठी, म्हणजे देशभरातल्या निवडक खेळाडूंत, निवडला गेला. तेव्हा पुन्हा हेल्मेट चढवा. मधल्या काळात नियम बदललेत: कानावर मारायला बंदी आहे, आणि मुठी छातीशी ठेवायची सक्तीही उठलीय. आता ते हात पूर्ण लांबीने तुमच्याकडे येणार आहेत, आणि त्यांची ओळख तुम्हाला कॅलिफोर्नियात झालेलीच आहे.