दुसऱ्यांची अब्रू सांभाळणाऱ्यांचे शेवटचे दहा दिवस

मंगळवार, १२ सप्टेंबर २०१७. या दिवशी लंडनची बेल पॉटिंजर ही नामांकित जनसंपर्क कंपनी प्रशासकांच्या ताब्यात गेली. दहा दिवसांपूर्वी तिच्याकडे मोठमोठी गिऱ्हाइकं होती, ब्रिटनमध्ये अडीचशेच्या आसपास माणसं कामाला होती. बँका, खाणकंपन्या, परदेशी सरकारं यांचं नाव सांभाळून देणं हा तिचा धंदा. तिचं स्वतःचं नाव मात्र इतक्या लवकर मातीला मिळालं की बुडणारा धंदा विकून टाकायलाही सवड मिळाली नाही. हे दहा दिवस समजून घ्यायचे, तर थोडं मागे जावं लागतं.

सहा वर्षं आधी

कंपनीचे एक संस्थापक टिम बेल म्हणजे मार्गारेट थॅचर यांचे प्रचारतज्ज्ञ. १९७९च्या निवडणुकीत बेरोजगारांची रांग दाखवणारं जे पोस्टर गाजलं, ते बेल ज्या सात्ची अँड सात्चीमध्ये होते त्या जाहिरात कंपनीचं. पुढे ते लॉर्ड झाले. बेलारूसचे हुकूमशहा लुकाशेंको यांचं कामही त्यांच्या कंपनीने घेतलं होतं.

डिसेंबर २०११ मध्ये ब्रिटनच्या शोधपत्रकारांनी उझबेकिस्तान सरकारची माणसं असल्याची बतावणी करून कंपनीच्या अधिकाऱ्यांची भेट घेतली. हे तेच उझबेकिस्तान, जिथे कापूस वेचायला शाळकरी पोरांना शेतात उतरवलं जायचं. छुप्या कॅमेऱ्यासमोर अधिकाऱ्यांनी काय सांगितलं? गूगलवर नको त्या बातम्या खाली ढकलता येतात आणि विकिपीडियावरची पानं 'नीट' करायला आमच्याकडे माणसं आहेत. विकिपीडियाने मग कंपनीशी जोडलेली काही खाती बंद केली. बेल यांनी पत्रकारांच्या पद्धतीलाच अनैतिक ठरवलं. आठवड्या-दोन आठवड्यांत गाजावाजा ओसरला आणि धंदा पूर्ववत सुरू राहिला. माझ्या मते कंपनी खरी बुडाली ती इथे. एवढं उघडं पडूनही काही बिघडत नाही, हे तिला कळलं ते याच वेळी.

वीस महिने आधी

जानेवारी २०१६. बेल आणि त्यांचे सहकारी जोहान्सबर्गला गेले. भेट होती गुप्ता बंधूंच्या ओकबे कंपनीसाठी. अजय, अतुल आणि राजेश हे तिघे मूळ उत्तर प्रदेशातल्या सहारनपूरचे. अतुल १९९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेले, संगणकांचा व्यापार केला. मग खाणी आल्या, वर्तमानपत्र आलं, वृत्तवाहिनी आली. राष्ट्राध्यक्ष जेकब झुमांचा मुलगा त्यांचा धंद्यातला भागीदार. २०१३ मध्ये घरच्या लग्नाचं वऱ्हाड भारतातून आलं, तेव्हा त्यांचं विमान थेट लष्कराच्या हवाई तळावर उतरलं होतं. सरकार गुप्तांच्या खिशात आहे, हे तिथला रस्त्यावरचा माणूसही उघड बोलायला लागला होता.

महिन्याला एक लाख पौंड ठरले. काम सांगितलं ते 'आर्थिक मुक्ती'च्या प्रचाराचं. प्रत्यक्षात लोकांची नजर गुप्तांवरून हटवून दुसरीकडे वळवायची होती. त्यासाठी 'गोरं मक्तेदार भांडवल' हा शब्दप्रयोग घासून-पुसून पुढे आणला गेला. तो जुनाच, डाव्या चळवळीतला. आता मात्र भाषणांत, संकेतस्थळांवर, ट्विटरवर सगळीकडे तो ऐकू यायला लागला.

यात मला सर्वांत विषारी काय वाटतं, ते इथेच सांगतो. दक्षिण आफ्रिकेत जमीन आणि पैसा आजही मोठ्या प्रमाणावर गोऱ्यांच्या हाती आहे, हे खोटं नव्हे. वर्णभेदाची जखम खरी आहे, ती भरलेली नाही. त्या खऱ्या दुःखाचा आडोसा घेऊन एका घराण्याने आपली लूट लपवली. लंडनच्या कचेरीत बसलेल्या माणसांनी त्याचे दरमहा पैसे घेतले. कुणाच्या घरात सुतक असावं आणि आपण त्याच रडण्याच्या आवाजात कडी काढून आत शिरावं, तसं हे झालं.

गुप्तांची बाजू घेणाऱ्या बनावट खात्यांची झुंड पत्रकारांवर तुटून पडली. फरियाल हाफाजी या संपादक. स्वतः गोऱ्या नसलेल्या, वर्णभेदाच्या काळात वाढलेल्या. गोरे उद्योगपती योहान रूपर्ट यांच्या मांडीवर त्यांना बसवलेले खोटे फोटो ट्विटरवर फिरवले गेले. पीटर ब्रूस या ज्येष्ठ पत्रकाराच्या घरासमोर निदर्शक येऊन ठाकले. ही खाती आम्ही चालवली नाहीत, असं बेल पॉटिंजरचं म्हणणं होतं. पण जमीन नांगरून ठेवण्याचा मोबदला त्यांनीच घेतला होता.

दोन महिने आधी

२०१७च्या मे अखेरीस गुप्तांच्या ईमेलचा ढीग पत्रकारांच्या हाती लागला. बेल पॉटिंजरने एप्रिलमध्येच करार सोडला होता, पण पत्रव्यवहार कुठे सुटतो? ६ जुलैला मुख्याधिकारी जेम्स हेंडरसन यांनी जाहीर माफी मागितली. गुप्तांचं काम सांभाळणाऱ्या भागीदाराला काढलं, तिघांना निलंबित केलं. आम्हाला अंधारात ठेवलं गेलं, असा माफीचा सूर होता. पण दक्षिण आफ्रिकेच्या डेमोक्रॅटिक अलायन्स या विरोधी पक्षाने कंपनीविरुद्धची आपली तक्रार ब्रिटनच्या जनसंपर्क व्यावसायिकांच्या संघटनेकडे, पीआरसीएकडे, आधीच नेली होती आणि ती मागे घेतली नाही.

नऊ दिवस आधी: रविवार, ३ सप्टेंबर

हेंडरसन यांनी राजीनामा दिला.

आठ दिवस आधी: सोमवार, ४ सप्टेंबर

पीआरसीएने कंपनीला बाहेर काढलं. किमान पाच वर्षं परत अर्जही करता येणार नाही. या संघटनेला ना पोलिसांचे अधिकार, ना कोर्टाचे. पण गिऱ्हाइकाच्या संचालक मंडळाला विचारायला आता एक साधा प्रश्न मिळाला: स्वतःच्या बिरादरीने वाळीत टाकलेल्या कंपनीकडे आपण आपलं नाव कसं सोपवणार?

कंपनीने स्वतःच नेमलेल्या हर्बर्ट स्मिथ फ्रीहिल्स या कायदे सल्लागारांचे निष्कर्षही त्याच दिवशी आले. प्रचारातला काही मजकूर वांशिक फूट पाडू शकेल असा होता आणि वरिष्ठांची देखरेख कमी पडली, असं त्यांत म्हटलं होतं. आपण पैसे देऊन आणलेल्या वकिलानेच हे लिहून दिल्यावर बोलायला काय उरतं?

त्याच रात्री, साडेदहाच्या बातम्या

बीबीसीचा 'न्यूजनाइट'. समोर कर्स्टी वॉर्क, आणि उत्तरं द्यायला ७५ वर्षांचे टिम बेल. ते आदल्या वर्षीच कंपनीतून बाहेर पडले होते, तरी दारावर नाव त्यांचंच. गुप्तांसोबतच्या पहिल्या बैठकीला तुम्ही होता ना, हा प्रश्न आला. बेल दोष हेंडरसन यांच्यावर ढकलत राहिले. मुलाखत थेट सुरू असतानाच त्यांचा फोन वाजला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. कॅमेऱ्यासमोर जाताना फोन बंद ठेवायचा, हा धडा त्यांच्या धंद्यात नवशिक्यालाही पहिल्या दिवशी देतात. चाळीस वर्षं इतरांना कॅमेऱ्यासमोर बसायला शिकवलेला माणूस स्वतः तिथे बसला होता आणि त्याला स्वतःचा आवाज सापडत नव्हता. कंपनी वाचेल का, असं विचारल्यावर बेल यांनी ती वाचेल असं सांगितलं नाही. शेवट जवळ आला आहे, असंच ते बोलले.

सात दिवस आधी: मंगळवार, ५ सप्टेंबर

एचएसबीसीसारखी मोठी गिऱ्हाइकं बाहेर पडू लागली. चाइम या भागधारक कंपनीने आपला सुमारे पाव हिस्सा चक्क सोडून दिला. तो विकण्याची वाटही तिने पाहिली नाही.

पुढचे दिवस

कंपनीसाठी खरेदीदार शोधायला बीडीओ ही लेखा कंपनी नेमली गेली. आशियातल्या आणि मध्यपूर्वेतल्या शाखांनी लंडनशी नातं तोडलं. सिंगापूरच्या माणसांनी तर नावच बदलून घेतलं. जनसंपर्क कंपनीकडे ना यंत्रं असतात, ना गोदामातला माल. तिच्याकडे असतो तो शब्द आणि त्यावर बसलेला विश्वास. तो गेला की खरेदीदाराने मोजायचं तरी काय?

मंगळवार, १२ सप्टेंबर

बीडीओची माणसं आता प्रशासक म्हणून आली. बऱ्याच जणांना लगेच घरी पाठवलं गेलं. त्यातल्या बहुतेकांनी जोहान्सबर्ग पाहिलंही नसेल. एखाद्या कारखान्याच्या किंवा धर्मादाय संस्थेच्या प्रसिद्धीपत्रकावर सरळपणे काम करणारी ती माणसं होती. त्यांचा राग मी समजू शकतो. तरीही कंपनी बंद पडली ते योग्यच झालं, असं माझं स्पष्ट मत आहे. माफी मागून आणि दोन माणसं बदलून हा धंदा पुन्हा उभा राहिला असता, तर २०११चीच पुनरावृत्ती झाली असती.

पाच महिन्यांनी, १४ फेब्रुवारी २०१८च्या सकाळी, दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांच्या हॉक्स पथकाने जोहान्सबर्गच्या सॅक्सनवोल्ड भागातल्या गुप्तांच्या बंगल्यावर छापा घातला. त्याच रात्री जेकब झुमांनी राष्ट्राध्यक्षपदाचा राजीनामा दिला.